‘छेडछाड’ हा शेरा मागे घ्या : एका विज्ञान प्रदर्शनाच्या संयोजन समितीला खुलं पत्र

भुसावळ

मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
स.न.वि.वि.

हे पत्र आधी बंद पाकिटात तुमच्याकडेच दिलं होतं. पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. दोन महिने थांबलो, एकदा फोन केला, ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ ऐकलं, आणि मग ठरवलं की आता चारचौघांत लिहावं. प्रदर्शनाचं नाव, गाव, कुणाचं आडनाव, काहीच इथे घालत नाही. कुणाची बदनामी मला नको आहे. नोंदवहीतले दोन शब्द खोडून हवे आहेत, एवढंच.

झालं ते असं. ऐन भरीत-पुरीच्या दिवसांत तुमचं प्रदर्शन भरलं. ‘टाकाऊतून टिकाऊ’ या गटात यावल तालुक्यातल्या, अकरावीत शिकणाऱ्या दोन मुलींनी एक जुना गेम बॉय, म्हणजे हातात धरून खेळायचं व्हिडिओ गेमचं यंत्र, मांडला होता. मार्गदर्शक म्हणून माझं नाव होतं. तपासणीला आलेल्या सरांनी तो हातात घेतला, उलटा केला, बॅटरीचं झाकण काढलं, मागचे स्क्रू निरखले आणि मला विचारलं, “हा उघडलाय का?”

मी म्हटलं, “हो सर. उघडल्याशिवाय दुरुस्त कसा होणार?”

“मग कंपनीनं असला वेगळा स्क्रू लावलाय तो कशाला? उघडू नये म्हणूनच ना?”

त्यानंतर नोंदवहीत लिहिलं गेलं : ‘छेडछाड. पायरसी. अपात्र.’ टेबलावरची नंबराची चिठ्ठी काढून घेतली. सगळं मिळून चार मिनिटं लागली असतील. त्या चार मिनिटांत मुलींना एकही प्रश्न विचारला गेला नाही. जे काही विचारलं ते मला, जणू त्या दोघी नुसत्या टेबलाजवळ उभ्या राहायला आल्या होत्या.

‘छेडछाड’ हा शब्द आमच्याकडे एसटी स्टँडवरच्या टवाळ पोरांसाठी राखून ठेवलेला आहे. तो दोन मुलींच्या नावापुढे लिहिताना तुमचं पेन अडखळलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं. पण खरा सल दुसऱ्या शब्दाचा आहे. संध्याकाळी एकीच्या आईने मला फोन केला. “भाऊ, मले सांगा, आमच्या पोरीनं कोनाचं काय उचललं?” त्या माउलीला पायरसी म्हणजे काय ते कुणीतरी मराठीत सांगितलं होतं. चोरी.

आता मी मध्ये का पडतो ते सांगतो. भुसावळला वडिलांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. नव्वदीत, उन्हाळ्याच्या सुट्टीत, दुकानात टीव्हीपेक्षा व्हिडिओ गेमचे डबे जास्त यायचे. भारनियमन संपून लाइट आली की व्होल्टेज उसळायचं आणि आतला ७८०५ रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज काबूत ठेवणारा भाग, जायचा. तो बदलायला मी सातवीत शिकलो. त्या डब्यांच्या आत काय असायचं ते तुमच्यातल्या चाळिशीपुढच्या प्रत्येकाने हाताळलेलं आहे, फक्त उघडून पाहिलेलं नाही. जपानात १९८३ साली निघालेल्या फॅमिकॉम या गेमच्या यंत्राची ती नक्कल होती. मूळ यंत्राचं बरंचसं सर्किट एकाच चिपमध्ये कोंबलेलं आणि वरून काळ्या इपॉक्सीचा गोळा. सोबत ‘९९९९ इन वन’ची पिवळी कॅसेट, जिच्यात मोजून थोडेच गेम असत आणि तेच पुन्हा पुन्हा वेगळ्या नावाने येत. माझ्या ओळखीत एकाच्याही घरी अस्सल यंत्र नव्हतं. आमची अख्खी पिढी चोरीच्या डब्यावर खेळली आणि कुणाच्या वहीत शेरा आला नाही. आणि आज अस्सल यंत्र, अस्सल कॅसेट घेऊन आलेल्या दोन पोरींच्या वहीत आला. यातली गंमत मला तेव्हा, त्या टेबलाशी, सुचली नाही. घरी येताना गाडीवर सुचली.

तर ते यंत्र. एकीच्या मामाने आखातातून आणलेलं. गेम बॉय १९८९ साली निघाला. गुन्पेई योकोई या निन्टेन्डो कंपनीच्या अभियंत्याचं त्यामागचं डोकं होतं. त्याचा हिशेब साधा होता : नवं, महागडं तंत्र घेऊ नका, स्वस्त आणि रुळलेलं घ्या आणि त्यालाच नव्या कामाला लावा. त्याच वर्षी अटारी कंपनीने रंगीत, उजेडाच्या स्क्रीनचं लिंक्स काढलं. त्याला सहा पेन्सिल सेल लागत आणि ते भराभर संपत. योकोईने चार सेलवर चालणारा, चार छटांचा, स्वतःचा उजेड नसलेला स्क्रीन ठेवला आणि बाजी मारली. हे मी मुद्दाम सांगतोय. हा माणूस तुमच्या ‘टाकाऊतून टिकाऊ’ गटात शोभला असता.

मामाचं यंत्र माळ्यावर पत्र्याखाली वीसेक उन्हाळे पडून होतं. आपल्याकडचा पत्रा म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला नको. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकला की पत्र्याखाली भाकरी शेकावी. आत विसरलेले चार सेल फुटून वाहिलेले, पितळी पट्ट्यांवर हिरवट-पांढरी बुरशी चढल्यासारखी. स्क्रीनवर उभ्या रेघा गायब. आणि स्क्रीनच्या मधोमध काळा डाग : आतली पोलरायझर फिल्म, म्हणजे एकाच दिशेचा प्रकाश जाऊ देणारी पातळ पट्टी, उष्णतेने भाजलेली.

मुलींनी काय केलं ते आता सावकाश सांगतो, कारण ऐकायला तेव्हा कुणाला वेळ नव्हता.

पहिली अडचण तोच स्क्रू. तीन पात्यांचा असतो, आपला चौफुली पेचकस त्यावर घसरतो. मी म्हटलं, ऑनलाइन मागवू. एकीचे काका जळगावला सराफ बाजारात कारागीर आहेत. ती शनिवारी त्यांच्याकडे गेली, जुन्या बारीक पेचकसाचं टोक सोनाराच्या कानशीने घासघासून तीन पात्यांचं करून आणलं. मी तीस वर्षं या धंद्यात आहे, मला हे सुचलं नव्हतं. तुमच्या सरांनी ज्या स्क्रूवरून चोरी ठरवली, तो उघडायचं हत्यारच खरं तर त्या टेबलावरची सगळ्यात देखणी वस्तू होती. ते मुलींनी शेजारीच मांडलं होतं. कुणी पाहिलं नाही.

सेलचं पाणी अल्कली असतं, म्हणून व्हिनेगरने पट्ट्या साफ केल्या. अकरावीचं रसायनशास्त्र. उभ्या रेघा जातात त्या बहुधा काचेखालच्या रिबनची, म्हणजे चपट्या केबलची, पकड सुटल्याने. त्या रिबनवरून गरम सोल्डरिंग आयर्न इस्त्रीसारखं, घाई न करता, न दाबता फिरवावं लागतं. एक रेघ परत येते, मग दोन, आणि जरा जास्त रेंगाळलं की रिबनच वितळते. तिसऱ्या दिवशी सगळ्या रेघा परत आल्या. तेव्हा दुकानात मी आणि दोघी असे नाचलो की समोरचा चहावाला बघायला आला.

मग भाजलेली फिल्म. ती खरवडून काढली, मागे पांढऱ्या उजेडाची पातळ पट्टी बसवली, नवी पोलरायझर फिल्म लावली. उजेड आला, पण चित्र फिकं दिसायला लागलं. इथे त्यांनी जगभरच्या हौशी मंडळींना ठाऊक असलेली एक युक्ती वापरली. स्क्रीनकडे प्रत्येक ठिपक्याची छटा दोन डेटा लाइनींवरून जाते, दोन बिट म्हणजे चार छटा. या दोन्ही लाइनी ७४०४ या चिपमधून उलट्या करायच्या. काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. चित्र निगेटिव्हसारखं दिसतं. मग पोलरायझर नव्वद अंशांत फिरवायचा, की चित्र पुन्हा सुलट होतं, आणि या दोन उलथापालथींत काळा रंग खरोखर काळा होऊन बसतो. ७४०४ ही सहा नॉट गेटची चिप, प्रत्येक पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत खोक्याने पडलेली असते. मुलींनी सहांपैकी दोन गेट वापरले, उरलेल्यांची इनपुट ग्राउंडला जोडली, कारण मोकळी सोडली की ती भटकतात. प्रकाशाचं ध्रुवीकरण आणि लॉजिक गेट, पाठ्यपुस्तकातले दोन वेगळे धडे, तळहातावर एकत्र आले. तुम्ही त्याला छेडछाड म्हणालात.

आणि पायरसी? गेम एकच होता, मामाने यंत्रासोबत आणलेली टेट्रिसची अस्सल कॅसेट. गेम बॉयचं कुलूप कुठे असतं तेही सांगतो. चालू करताना यंत्रातला २५६ बाइटचा छोटा प्रोग्राम कॅसेटमधला कंपनीचा लोगो वाचतो आणि स्वतःजवळच्या लोगोशी ताडून पाहतो. जुळला नाही तर यंत्र तिथेच थांबतं. कॅसेटचे पाय मळले असले की लोगोच्या जागी नुसती काळी पट्टी येते. आपण लहानपणी अशा वेळी फुंकर मारायचो. (ती मारू नये. तोंडातल्या ओलीने पाय गंजतात. पण ही सवय मोडायला मला पंचवीस वर्षं लागली, त्यामुळे कुणाला उपदेश करत नाही.) मुलींनी पाय आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, लोगो आला, गेम चालू झाला. कुलूप तोडलं नाही, मूळ किल्ली पुसून लावली.

आता कायदा. मी वकील नाही, पण जो शब्द एखाद्यावर लिहायचा त्याचा अर्थ आधी पाहावा, म्हणून मी पाहिला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५-अ हे कलम आलं. हक्क राखण्यासाठी लावलेला तांत्रिक अडसर जो कुणी त्या हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने ओलांडेल, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. त्यात ‘हेतू’ हा शब्द आहे. स्क्रूचा उल्लेख नाही. याच कायद्याचं ५२ वं कलम, प्रोग्रामची प्रत ज्याच्याकडे रीतसर आहे त्याला बॅकअप काढायची आणि वैयक्तिक, बिगरव्यापारी वापरासाठी प्रत करायची मुभा देतं. १९८९ च्या यंत्रावर काही पेटंट असतील तर तीही वीस वर्षांच्या मुदतीने केव्हाच संपली. स्क्रीन बदलणं, डाग पुसणं, उजेड घालणं, यातलं कशालाच कायदा चोरी म्हणत नाही.

उलट सरकार काय म्हणतं बघा. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांच्या यादीत हातातले व्हिडिओ गेमही आहेत. म्हणजे मामाचं यंत्र भंगारात गेलं असतं तर त्याची विल्हेवाट हा नियमांचा विषय झाला असता. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल-टॅबलेट, घरगुती उपकरणं आणि गाड्या अशी चार क्षेत्रं धरली आहेत, गेमची यंत्रं नाहीत, हे मी कबूल करतो. पण वारं कुठल्या दिशेचं आहे ते तरी कळतं. युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून हातातल्या उपकरणाची बॅटरी वापरणाऱ्यालाच बदलता आली पाहिजे असा नियम येतो आहे. तिकडे कंपन्यांना आत जायची वाट मोकळी ठेवायला सांगतात आणि इकडे आपण आत गेलेल्या मुलीला बाहेर काढतो.

आता आमच्या बाजूची घाण. ती लपवून हे पत्र लिहिलं तर तुमच्यात आणि माझ्यात फरक राहणार नाही.

मी स्वतः प्लेस्टेशन टू या डिस्कवर चालणाऱ्या गेमच्या यंत्राला चिप मारलेली आहे. एक-दोन नाही, बरीच. ‘चिप मारणं’ हा आमच्या धंद्यातला शब्द. चिप मारली की कॉपी केलेली डिस्क चालायची. तेव्हा गिऱ्हाइकाला अस्सल डिस्क परवडत नाही, आपण काय मोठं पाप करतोय, असं मी मनाला सांगायचो. ती दुरुस्ती नव्हती. तिचा हेतू चोरीचा माल चालवणं हाच होता, आणि तुमच्या सरांनी तेव्हा माझ्या दुकानात येऊन पायरसी हा शब्द लिहिला असता तर मी मान खाली घातली असती. ते काम मी सोडून बरीच वर्षं झाली.

पण त्याच यंत्राची दुसरी बाजू ऐका. प्लेस्टेशन टूची लेझर झिजते आणि नवी, धड मिळत नाही. एखाद्याकडे स्वतः विकत घेतलेल्या वीस डिस्क आहेत आणि त्या वाचणारं डोकं मेलंय. त्याने आपल्याच डिस्कची प्रत हार्ड डिस्कवर घेऊन आपल्याच यंत्रावर चालवली, तर मी त्याला मदत करतो. तोच माणूस शंभर गेम भरलेली हार्ड डिस्क विकायला मागतो, तेव्हा त्याला पुढचं दुकान दाखवतो. दोन्ही वेळा हातातलं सोल्डरिंग आयर्न तेच असतं. म्हणून नुसतं यंत्र उघडलंय एवढ्यावरून काही ठरत नाही. काय घातलं, कुणाचं घातलं, कुणाला विकलं, हे विचारावंच लागतं.

दुसरं पाप जास्त लागतं. गेम बॉय अॅडव्हान्स या पुढच्या यंत्राला मोठा, झगझगीत स्क्रीन बसवायचा तर मूळ कवचाच्या आतलं प्लास्टिक कापावं लागायचं. २००१ सालचं, ओरखडा नसलेलं कवच मी गिऱ्हाइकाच्या हट्टापायी कापलं. आता न कापता बसणारे स्क्रीन आणि नवी तयार कवचंही मिळतात. पण ते कापलेलं काही जुळून येत नाही. सोनार काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, आमच्याकडे याला मोड म्हणतात. पाटल्या मोडायच्या आधी आम्ही दोनदा विचारतो, घरातल्या बाईला समोर बसवून विचारतो. गाठवणं वेगळं, उजळणं वेगळं, मोडणं वेगळं. आमच्या हौशी मंडळींना हा भेद समजायला बराच वेळ लागला, आणि काहींना अजून समजलेला नाही.

उजळण्यावरून आठवलं. पिवळं पडलेलं जुनं प्लास्टिक पुन्हा पांढरं करायला हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन लागतं. ऊन आपल्याकडे फुकट. मी पार्लरमधलं केस ब्लीच करायचं क्रीम एका कवचाला फासून मे महिन्यात गच्चीवर ठेवलं आणि जेवायला गेलो. परत आलो तर क्रीम वाळून गेलेलं आणि कवचावर संगमरवरासारखे पट्टे. ते अजून दुकानात टांगलेलं आहे, मला आठवण म्हणून. मुलींनाही यंत्र पांढरं करायचं होतं. मी तो पट्टेवाला नमुना दाखवला, शिवाय ते पुन्हा पिवळं पडू शकतं हे सांगितलं, आणि विषय संपला.

तिसरं म्हणजे खोट्या कॅसेटी. अस्सलसारखं लेबल छापून, अस्सलच्या भावाने, ‘मामाकडची जुनी आहे’ म्हणून विकणारे आमच्यातच आहेत. सोन्याला हॉलमार्क असतो, याला नाही, त्यामुळे विकणाऱ्याच्या जिभेवरच सगळं. यंत्रात काय बदललंय हे न सांगता विकणारेही त्याच माळेतले. आणि भंगारातल्या पॉवर बँकेतला लिथियम सेल काढून पोरांच्या खेळण्यात घालणाऱ्यांना तर मी दुकानात उभं करत नाही. मुलींना चार्जिंगची सोय हवी होती. मी नाही म्हटलं. कुठलाही, कुठून आलेला ते ठाऊक नसलेला सेल, आपल्या उन्हात, बंद डब्यात नको. चार पेन्सिल सेल, बस.

एवढ्यावर त्या दोघींचं काम तपासा. यंत्र घरचं. कॅसेट अस्सल. काढलेला प्रत्येक भाग, भाजलेल्या फिल्मसकट, लेबल लावून एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला. ज्या दोन जोडण्या तोडल्या त्या जंपरने, म्हणजे तारेच्या छोट्या तुकड्याने, पूर्ववत होतात. परत न येणारी एकच गोष्ट, ती जुनी फिल्म, आणि ती आधीच मेलेली होती. काय काय बदललं याची हाताने लिहिलेली यादी टेबलावर चिकटवलेली. मी अनेक वर्षांत इतक्या स्वच्छतेने काम केलेलं नाही. त्यांना विक्री करायची नव्हती, गेम वाटायचे नव्हते. त्यांना नव्वद अंशांत फिरणारी फिल्म दाखवायची होती.

आता ज्या गोष्टीने मला हे पत्र जाहीर लिहायला लावलं, ती. तुमच्याच मांडवात, आमच्या टेबलापासून चाळीस पावलांवर, प्रायोजकांचा एक स्टॉल होता. तिथे ‘चारशे गेम एकात’ असे हातातले डबे विकायला होते, पोरांची झुंबड. त्या डब्यांत कुणाचे गेम होते? मी एक हातात घेऊन यादी पाहिली. निम्मे मला तोंडपाठ होते, सातवीत असल्यापासून. कंपनीचं नाव पुसलेलं, गेम मात्र तेच. मुलींनीही पाहिले. त्यातली धाकटी मला म्हणाली, “काका, मंग त्यांच्या वहीत काय लिवलं असंल?” मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला येत असेल तर तिला कळवा.

एक मोठा प्रश्न मी मुद्दाम बाजूला ठेवला होता, तो नुसता टेकवतो. जुने गेम विकत घ्यायचे म्हटलं तरी मिळत नाहीत. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने २०२३ साली मोजणी केली : अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात रीतसर उपलब्ध नाहीत. आपल्या कायद्याने १९८९ सालचा प्रोग्राम २०४९ संपेपर्यंत तरी मोकळा होत नाही. तोवर या दोघी चाळिशीत असतील आणि या यंत्रांतले कपॅसिटर केव्हाच वाहून गेले असतील. म्हणून कॉपी माफ, असं मी म्हणत नाही. पण मधल्या काळात यंत्र जिवंत ठेवणारा माणूस चोर आहे की राखणदार, याचा विचार कुणीतरी करायला हवा, आणि विज्ञान प्रदर्शन ही त्यासाठी वाईट जागा नाही.

माझ्या मागण्या लिहून देतो, म्हणजे मीटिंगमध्ये वाचायला सोपं जाईल.

१. नोंदवहीतले ‘छेडछाड’ आणि ‘पायरसी’ हे शब्द खोडून, अध्यक्षांच्या सहीने तसं पत्र मुलींच्या पत्त्यावर पाठवावं. माझ्या नाही. अपात्र ठेवायचंच असेल तर ठेवा, पण कारण लेखी द्या, आणि ते नियमावलीत दाखवा. मी नियमावली दोनदा वाचली. त्यात उघडलेलं यंत्र चालणार नाही असं कुठेच नाही.

२. पुढच्या वर्षी सरसकट बंदी घालू नका. प्रश्न विचारा. यंत्र कुणाचं? आत चालणारा गेम कुठून आला? काय कापलं, काय काढलं, आणि काढलेलं कुठे आहे? परत पहिल्यासारखं करता येईल का? बॅटरी कसली? बदल पाटीवर लिहिले आहेत का? या उत्तरांवरून एखाद्याला बाहेर काढायची वेळ आली तर मी स्वतः तुमच्या बाजूने उभा राहीन.

३. हेच प्रश्न प्रायोजकांच्या स्टॉललाही विचारा. आधी त्यांना.

४. तपासणाऱ्यांत निदान एक माणूस असा ठेवा ज्याने आयुष्यात एकदा तरी मल्टीमीटर हातात धरलाय. आयटीआयचे निदेशक, रेल्वेतून निवृत्त झालेले सिग्नलवाले, असे कितीतरी लोक आपल्या जिल्ह्यात रिकामे बसले आहेत, बोलवा, चहावर येतील. आणि प्रश्न विद्यार्थ्यांना विचारा, मार्गदर्शकाला नाही.

बक्षीस मागत नाही. त्या गटात ज्या मुलाच्या बाटलीच्या झुंबराला पहिलं बक्षीस मिळालं, ते झुंबर चांगलं होतं.

शनिवारी दुपारी दुकान मोकळं असतं. समितीपैकी कुणीही यावं. मुली त्या दिवशी येतात. यंत्र पुन्हा उघडून दाखवतील, पेचकस त्यांच्याकडेच आहे.

आपला,
एक दुरुस्तीवाला, भुसावळ

ता. क. : तपासणीच्या वेळी काढलेलं बॅटरीचं झाकण तुमच्या टेबलावरच राहिलं. करड्या रंगाचं, एका कडेला थोडं भाजलेलं. मुलींच्या यादीत ‘मूळ भाग’ म्हणून त्याची नोंद आहे. सध्या यंत्राला मागून चिकटपट्टी लावली आहे. कचऱ्यात गेलं नसेल तर शेऱ्याच्या पत्रासोबत पाठवावं.